भट्टीची उरलेली ऊब

डिसेंबरचा पहिला आठवडा सरला की आमच्या घरात माळ्यावरून तीन वस्तू खाली येतात. रजया, अम्मींची पितळी किटली आणि अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन. रजया गच्चीवर उन्हात पडतात, किटली चिंचेने घासली जाते आणि ओव्हन पुसून स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली जाऊन बसतो. तिथून पुढे दोन महिने मगरिबनंतर घराबाहेर पडायला कुणी राजी नसतं. धाकट्याने या दिवसांना नाव ठेवलं आहे, 'आपली बर्फाची सुट्टी'. टीव्हीवर त्याने पाहिलंय, बाहेर बर्फ पडत असतो आणि आतली माणसं भट्टीतून काहीतरी गरम काढून खात असतात, वाफाळता पेला हातात धरून बसतात. त्यातली बर्फाची बाजू सोडली तर बाकी सगळं आपल्याकडे होतं, असा त्याचा हिशेब.

पुण्यात बर्फ पडणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. शिवाजीनगरात सिमला ऑफिस मात्र आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं आणि त्या इमारतीला, पुढे चौकालाही, हे नाव चिकटलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. खात्याने सिमल्याचं नाव तेवढं आणलं, बर्फ आणला नाही, असं आम्ही वर्गात म्हणतो तेव्हा मुलं हसतात. पुण्यात आजवर पारा सर्वांत खाली गेला तो १७ जानेवारी १९३५ रोजी, १.७ अंशांवर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पांढऱ्या गवताचा फोटो येतो. महाराष्ट्राचा बर्फ म्हणायचा तो एवढाच.

पण थंडी मोजायला पारा लागत नाही, आमचा वाडा पुरतो. बुधवार पेठेत जोगेश्वरीकडून तापकीर गल्लीकडे येताना एका बोळात हा दोन मजली वाडा आहे. लाकडी जिना, शहाबादी फरशी, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. उन्हाळ्यात या भिंतींना दुवा द्यावी आणि हिवाळ्यात त्यांच्यापासून हातभर दूर बसावं. खालच्या चौकात ऊन उतरतं ते अकरा वाजता आणि तासाभरात वर चढून निघूनही जातं. फजरच्या वजूला नळाखाली हात धरले की अंगठ्यापासून कोपरापर्यंत मुंग्या येतात. अम्मींसाठी आम्ही रात्रीच थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवतो.

या पेठेचं आणि थंडीचं नातं जुनं असावं. इथे पासोड्या विठोबाचं देऊळ आहे. देवळाच्या आसपास पासोड्यांची, म्हणजे जाड दुहेरी सुती पांघरुणांची, दुकानं होती म्हणून देवाचं नाव पासोड्या पडलं. दुकानं केव्हाच गेली, देवाच्या नावात पासोडी तेवढी राहिली. मराठीच्या तासाला दासोपंतांच्या अंबाजोगाईच्या पासोडीचा विषय निघाला की आम्ही आधी आमच्या गल्लीतली पासोडी सांगून घेतो. आणि उर्दूच्या तासाला सांगायला दुसरी गोष्ट आहे. ही पेठ १७०३ मध्ये औरंगजेबाच्या पुण्यातल्या मुक्कामात वसली, तेव्हा तिचं नाव मुहियाबाद होतं. पेशवाईत ते बुधवार झालं. एकाच गल्लीच्या या दोन गोष्टी दोन तासांना सांगताना आम्हाला कधी अडचण वाटली नाही.

अडचण होते ती पत्ता सांगताना. 'बुधवार पेठ' म्हटलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, किंवा डोळ्यांनी हसतो. का, ते वाचकांना सांगायला नको. या पेठेत अप्पा बळवंत चौकाजवळची पुस्तकांची दुकानं आहेत, तापकीर गल्लीतला विजेच्या सामानाचा बाजार आहे, दगडूशेठचा गणपती आहे, १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा उघडली तो भिडे वाडा इथेच होता. पण लोकांच्या मनात दोन गल्ल्याच असतात. आमच्या मोठीने अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी मैत्रिणींना पत्ता सांगताना 'लक्ष्मी रोडजवळ' म्हटलेलं आम्ही आमच्या कानांनी ऐकलं. तिला काही बोललो नाही. एका नातेवाइकांनी तर स्पष्टच सुनावलं होतं, "मुलगी मोठी होतेय, आता तरी घर बदला."

तर, नानकटाई. पुण्यातल्या सगळ्या पेठांत तिला नानकटाईच म्हणतात, आणि आम्हीही घरी तेच म्हणतो. उर्दूत ती नानखताई. नान म्हणजे फारसीतली रोटी आणि खता हे चीनचं जुनं फारसी नाव. ही चिनी रोटी सुरतेच्या बेकऱ्यांतून नावारूपाला आली आणि मराठी तोंडात शिरताना तिने ख सोडून क घेतला.

अम्मींचं माप असं. अर्धा किलो मैदा, पाव किलो साजूक तूप, पाव किलो पिठीसाखर, मूठभर बेसन, मूठभर बारीक रवा, वेलची, जायफळ, चिमूटभर सोडा. मूठ अम्मींची, आमची नव्हे. आमच्या मुठीने एकदा केली तर घशाखाली उतरायला पाणी लागलं. अंडं नाही, कारण खालच्या काकू अंडं खात नाहीत. खरी मेहनत तुपाची. परातीत तूप घ्यायचं आणि तळहाताने गोल गोल फेसत राहायचं, ते लोण्यासारखं पांढरं आणि हलकं होईपर्यंत. हे काम थंडीतच नीट होतं. तूप घट्ट असल्यामुळे गोळा आकार धरून राहतो. मे महिन्यात तीच नानकटाई पत्र्यावर पसरून पोळी होते. त्यामुळे आमच्या घरी नानकटाई हे हिवाळ्याचंच पक्वान्न, ईद कुठल्याही ऋतूत येवो.

पूर्वी हा फेसलेला गोळा घरात भाजायचा नसेच. अब्बा पितळी डब्यात तो घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या बेकरीत जात. बरोबर आम्हा मुलांची फौज. जायची वेळ ठरलेली, दुपारी तीननंतर. त्याआधी गेलं तर चाचा दारातूनच हाकलायचे. बेकरीत शिरलं की समोर काउंटर, मागे अंधार, आणि त्या अंधारात एका माणसाला वाकून आत जाता येईल एवढं भट्टीचं तोंड. बाजूला लाकडांची चळत. मैद्याने पांढऱ्या झालेल्या फळ्यांवर आम्ही मुलं गोळे वळायचो, वर बोटाने खड्डा करून चारोळी बसवायचो. चाचा चिठ्ठीवर नाव लिहून पत्र्याच्या कडेला कणकेने चिकटवायचे. मग लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पत्रे आत सरकायचे.

या चिठ्ठ्या मोठ्या मजेच्या असत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या पत्र्याच्या एका बाजूला जोशी, दुसऱ्या बाजूला शहा, पलीकडे कांबळे. ईदच्या आधी सगळे शेख, सय्यद, बागवान, आणि मधेच हौसेने ईदच्या मुहूर्तावर आलेल्या एखाद्या काकू. रांगेत बायका एकमेकींच्या डब्यात डोकावून तुपाचा वास घेत आणि शेरे मारत. "डालडा दिसतोय," हा सर्वांत मोठा अपमान. पलीकडच्या गल्लीतल्या, ज्यांच्यामुळे पेठेचं नाव सांगायला लोक कचरतात, त्या बायकाही येत. त्यातली एक दर दिवाळीला छोटा स्टीलचा डबा घेऊन यायची. गावी मुलगा आहे, त्याला पाठवायची आहे, असं सांगायची. तिच्या चिठ्ठीवर चाचा नाव लिहीत नसत, नुसतं फूल काढत. आम्ही एकदा अम्मींना विचारलं, तिचं नाव का नाही लिहीत? अम्मी म्हणाल्या, "उसने बताया नहीं, तो पूछना नको." अम्मींचं हे 'नको' मराठीतून दक्खनीत आलेलं आहे, ते आम्हाला बीएड झाल्यावर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की फुलाच्या चिठ्ठीबद्दल विचारायचं नसतं.

भाजण्याचे चाचा जे पैसे घेत ते नावापुरते. ते तसे का, याचा उलगडा आम्हाला फार उशिरा झाला. भट्टी पहाटे पेटायची ती पावासाठी. लाकूड जळून आतली वीट लाल तापली की निखारे बाजूला ओढायचे, तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि पावाच्या लाद्या आत. पावाला कडक आच लागते. त्याचे घाणे उतरले की आच हळूहळू खाली येते, पण एवढी जाड वीट एकदम थोडीच निवते? दुपारी तीनला ती नेमकी नानकटाईला हवी तेवढी मंद झालेली असायची. ना पावाच्या कामाची, ना वाया घालवण्यासारखी. ती उरलेली ऊब चाचा मोहल्ल्याला देत होते. रात्री तिच्यातच टोस्ट वाळायला ठेवत. भट्टीच्या पाठीमागची भिंत ज्यांच्या घराला लागून होती, त्यांच्या म्हाताऱ्या हिवाळ्यात त्या भिंतीला पाठ लावून तसबीह ओढत बसत.

दोन वर्षांपूर्वी ती भट्टी विझली. चाचांचा मुलगा बेकरी चालवतो, त्याने गॅसचा ओव्हन बसवला. आम्ही सवयीने डबा घेऊन गेलो. तो अदबीने उठला, चहा मागवला आणि म्हणाला, "सर, बाहेरचा माल आता नाही घेता येत. हा बंद केला की दहा मिनिटांत गार. चालू ठेवला की मीटर पळतं." त्याच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. मुंबईत तर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. आम्ही शाळेत पर्यावरण शिकवतो. धूर चांगला असतो असं कुठल्या तोंडाने म्हणणार? चाचांचा दम्याचा खोकला आम्ही वीस वर्षं ऐकला आहे. भट्टीसमोर उभं राहणारा कारागीर चाळिशीत साठीचा दिसतो, हेही पाहिलं आहे. आठवणी गोड असतात त्या रांगेत उभं राहणाऱ्यांच्या, आत वाकणाऱ्याला कुणी विचारत नाही. तरी परत येताना डबा जड वाटला, हे खरं.

म्हणून मग गोल ओव्हन. तो अब्बांचा. अब्बा तापकीर गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर बसून रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. एका दुकानदाराने दिवाळीच्या हिशेबात रोख रकमेऐवजी हा ओव्हन दिला होता आणि अम्मी त्यावरून आठवडाभर अब्बांशी बोलल्या नव्हत्या. तळाशी चिनी मातीच्या चकतीत कॉइल, वर झाकण, झाकणाला काचेची गोल खिडकी. तापमानाचा काटा वगैरे काही नाही. हात आत धरून दहा आकडे मोजता आले तर नानकटाईला ठीक, सहाच मोजता आले तर फार तापला. अब्बांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांच्या माघारी यंदा पहिल्यांदाच ओव्हन लावला आणि तो तापेचना. कॉइल तुटली होती.

धाकट्याला घेऊन आम्ही तापकीर गल्लीत गेलो. पहिल्या तीन दुकानांत उत्तर एकच, "असला ओव्हन आता येत नाही. ओटीजी घेऊन जा, वॉरंटी आहे." चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने चकती हातात घेतली, उलटी केली आणि विचारलं, "रेडिओवाल्या शेखसाहेबांकडचा का?" चकतीच्या पाठीवर अब्बांनी पेन्सिलने तारीख घालून ठेवली होती, पूर्वी कधीतरी कॉइल बदलल्याची. ते अक्षर त्यांनी ओळखलं. मग निक्रोमची तार मापून कापली, सळईवर गुंडाळून स्प्रिंग केली आणि चकतीच्या खाचांत बोटांनी बसवत गेले. धाकटा टाचा उंचावून पाहत होता. पैसे विचारले तर फक्त तारेचे घेतले. निघताना म्हणाले, "पहिल्यांदा रिकामा तापवा. धूर येईल, घाबरू नका."

त्या संध्याकाळी अम्मींचा रोजा होता. मागच्या रमजानमध्ये आजारपणामुळे सुटलेले रोजे त्या डिसेंबरात पुरे करतात. दिवस लहान, सहाच्या सुमारास मगरिब होते, तहान लागत नाही. इफ्तारला खजूर आणि हरीरा. बदाम आणि खसखस भिजवून वाटायची, चमचाभर तुपात रवा भाजायचा, त्यावर दूध, वेलची, साखर. पातळ ठेवायचा, वाटीने पिता आला पाहिजे. हरीऱ्यानंतर तासाभराने सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, लिंबू आणि पुदिना घालून. पुण्याची खरी शान दुधाचा अमृततुल्य, तो आम्ही बाहेर आवडीने पितो. पण नानकटाईबरोबर सुलेमानीच. तुपावर तूप नको, लिंबू हवं.

याच सुमारास दरवर्षी शालवाले भाई येतात. बारामुल्लाकडचे आहेत. पंधरा वर्षं झाली, नोव्हेंबरात पाठीवर गाठोडं घेऊन पुण्यात उतरायचं, कोंढव्यात चौघांत एक खोली घ्यायची, फेब्रुवारीपर्यंत घरोघर शाली-स्वेटर विकायचे. हप्त्याने देतात, पुढच्या वर्षी उरलेले पैसे नेतात. यंदा ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. नेहमीचं खुशालीचं बोलून झाल्यावर जरा थांबून विचारलं, "मास्टरजी, माहौल कैसा है? आ जाऊँ?" एप्रिलमध्ये पहलगामला निरपराध पर्यटक मारले गेले, त्यात पुण्याचेही होते, आणि पुढे काही ठिकाणी काश्मिरी मुलांना, फेरीवाल्यांना त्याचा जाच झाला, हे सगळ्यांनी वाचलं आहे. काय उत्तर द्यावं ते आम्हाला सुचेना. फोन स्पीकरवर होता. अम्मी आतूनच म्हणाल्या, "आ जाओ बोलो. मेरी पुरानी शाल का किनारा उधड़ गया है." ते आले. बुधवारात दोन घरांनी दार उघडलं नाही, बाकीच्यांनी उघडलं. खालच्या काकूंनी नेहमीप्रमाणे घासाघीस करून एक स्टोल घेतला आणि वर कोकम सरबत पाजलं, भर थंडीत.

शालवाले भाईंना आमची थंडी दिसतच नाही. आम्ही कानटोप्या घालून बसलेले आणि ते शर्टाच्या बाह्या दुमडून. "ये तो हमारा अप्रैल है," म्हणतात. त्यांच्याकडे २१ डिसेंबरला चिल्लई कलान लागतो, चाळीस दिवसांचा कडाका. मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. धाकट्याला हे थंडीचं पिल्लू फार आवडलं. घरचा व्हिडिओ कॉल लागला की तो फोन हातात घेऊन बसतो. अंगणातला अक्रोडाचा सांगाडा, छपरावरून घसरणारा बर्फाचा थर, फेरनच्या आत कांगडी धरून बसलेली त्यांची मुलगी. आमच्या पेठेत बर्फ येतो तो असा, पाच इंची काचेतून.

त्यांनी एकदा आमच्या स्वयंपाकघरात नून चाय केली. पत्ती आणि सोडा पुडीत बांधून बरोबर असतो. पत्ती बराच वेळ उकळायची, लाल अर्क उतरला की वरून गार पाणी ओतून पळीने वर-खाली फेसायचं, मग दूध घातलं की रंग गुलाबी होतो. आणि साखरेऐवजी मीठ. मुलांनी पहिला घोट घेतला आणि तोंडं अशी केली की शालवाले भाई पोट धरून हसले. मुलांना केशर-दालचिनीचा कहवा पटला, नून चाय आम्ही मोठ्यांनी अदबीने संपवली. अम्मींना मात्र खरोखर आवडली. त्यांनी विचारलं, बर्फ पडतो तेव्हा रोटी कोण भाजतं? घरात तंदूर असतो का?

"घर में नहीं माँजी, कांदुर के यहाँ." कांदुर म्हणजे मोहल्ल्याचा भटारी. सकाळी गिर्दा आणि लवास, दुपारच्या चहाला तीळ लावलेला चोचवोर. बर्फ गुडघाभर असला तरी घरातलं कुणी ना कुणी फेरन चढवून कांदुरकडे जातंच. तिथे तंदूरजवळ उभं राहायचं, कोण आजारी, कोणाच्या घरी पाहुणे, कुठला रस्ता बंद, सगळं तिथेच कळतं. "जिस दिन बर्फ ज़्यादा, उस दिन भीड़ भी ज़्यादा." अम्मी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हमारा भी था ऐसा." आणि गप्प झाल्या.

दुरुस्त ओव्हनचा पहिला घाणा एका बाजूने करपला. तार एका अंगाला दाट बसली होती. दुसऱ्या घाण्याला धाकट्याने झाकण उघडून पत्रा मधेच फिरवायचा उपाय काढला आणि तो बरोबर ठरला. त्याने वहीत लिहूनही ठेवलं, 'आठ मिनिटांनी अर्धा फेरा'. खाली अम्मींचं मापही उतरवलं. मुठीचं काय करायचं, म्हणून त्याने अम्मींना बेसनाची मूठ वजनकाट्यावर ठेवायला लावली. पहिल्यांदा बेचाळीस ग्रॅम भरली, दुसऱ्यांदा छत्तीस. अम्मी म्हणाल्या, "दोनों सही हैं."

नानकटाईचं पहिलं ताट खाली काकूंकडे जातं. ताट रिकामं परत येत नाही. बहुतेक वेळा संक्रांतीपर्यंत थांबतं आणि तिळगूळ घेऊन वर चढतं. यंदा काकू ताट घेऊन स्वतःच वर आल्या, दुसऱ्याच दिवशी. गुडघ्यांमुळे त्या जिना चढत नाहीत, म्हणजे काहीतरी होतं. सुलेमानीचा पेला दोन्ही हातांत धरून बसल्या आणि म्हणाल्या, "भाभी, बिल्डरचा माणूस आला होता. मालकांची सही झाली. पावसाळ्याच्या आत मोकळं करायचंय."

आम्हाला हे अगदीच नवं नव्हतं. कोंढव्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटची बोलणी आम्ही दिवाळीपासून करत होतो. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, मशीद समोर, मोठीचं कॉलेज जवळ. आणि पत्ता सांगताना मान खाली घालायला नको. सगळी कारणं बरोबर आहेत, आणि ती आम्हीच अम्मींना एकेक करून सांगितली होती. इथून सात-आठ किलोमीटर, रिक्षाने अर्धा तास. काकू मुलाकडे जाणार, बाणेरला. अम्मींनी एकच प्रश्न विचारला होता, तो अजून तसाच आहे. तिथे शेजारी कोण असेल? आम्ही म्हणालो, सगळे आपलेच. अम्मी म्हणाल्या, "यहाँ कौन पराया था?"

त्या दिवशी काकू आणि अम्मी दोघी ओव्हनजवळ बसून राहिल्या. वीज गेली. तरी झाकणाखालची चकती बराच वेळ तापलेली होती. दोघींनी तिथेच हात शेकले. काकू मधेच म्हणाल्या, त्या बेकरीत फुलाची चिठ्ठी असायची, आठवतं? आम्हाला वाटलं होतं ती चिठ्ठी आमच्याच लक्षात आहे.

जानेवारीच्या मध्यावर शालवाले भाईंचा भाचा गावी निघाला, झेलम एक्स्प्रेसने जम्मू आणि तिथून वर. अम्मींनी पितळी डबा काढला, तोच, भट्टीवर जायचा तो. तळाला कागद, मधे कागद, वर कागद, साठ नानकटाया. प्लास्टिकच्या डब्यात द्या, हा जाऊन परत कधी येणार, असं आम्ही म्हटलं. अम्मी म्हणाल्या, प्लास्टिकला वास येतो.

आठ दिवसांनी रात्री इशानंतर व्हिडिओ कॉल आला. तिकडे बर्फ पडत होता, खिडकीच्या काचेवर थापला जात होता. शालवाले भाईंची बायको, मुलगी, म्हातारी आई, सगळे एका कांबळ्यात. मधे आमचा पितळी डबा. त्यांनी आमच्यासमोर नून चायमध्ये नानकटाई बुडवून दाखवली. खाऱ्या चहात गोड नानकटाई! धाकटा ओरडला, "फुटेल, फुटेल!" फुटली नाही. म्हाताऱ्या आईने काश्मिरीत काहीतरी म्हटलं आणि मुलीने उर्दूत सांगितलं, दादी विचारतेय, कोणत्या कांदुरकडची?

अम्मी हसल्या. म्हणाल्या, कांदुरची नाही, घरची. मग म्हणाल्या, डबा परत पाठवा म्हणावं, खाली नको पाठवू, अक्रोड भरून. मुलीने वही-पेन घेतलं आणि पत्ता विचारला. पार्सल पोचायला महिना-दीड महिना लागेल म्हणाली, रस्ता बंद आहे.

आम्ही हिशेब करू लागलो. मार्चअखेर इथे असू की तिथे? कोंढव्याच्या फ्लॅटचा नंबरही नीट पाठ नव्हता. आम्ही मोबाइलमध्ये तो शोधत होतो, तेवढ्यात मोठीने आजीच्या हातातून फोन घेतला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, वाड्याचं नाव, बोळाचं नाव, तापकीर गल्लीजवळ, बुधवार पेठ, पुणे, चार एक एक शून्य शून्य दोन. पलीकडून मुलीने ते सगळं परत वाचून दाखवलं.